नवरंगाचे दोन पावसाळे

चेन्नईचा पावसाळा जूनमध्ये येत नाही. जूनमध्ये इथे अंगाची काहिली होत असते आणि नेमका तेव्हाच चिपळूणहून आईचा फोन येतो की अंगणात घोटाभर पाणी आहे, कपडे चार दिवस वाळलेले नाहीत. इथला खरा पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. ऑक्टोबरच्या मध्यानंतर तो सुरू होतो, नोव्हेंबरात जोर धरतो आणि डिसेंबरात कधीकधी वादळ घेऊन येतो. वर्षाच्या साधारण १४०० मिलिमीटरपैकी निम्म्याहून अधिक पाऊस या तीन महिन्यांतला. कोकणात ३००० मिलिमीटरच्या वर पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये आटोपतो. म्हणजे तिकडची छत्री वाळवून ठेवली की इकडची बाहेर काढायची.

लग्न होऊन चेन्नईत आले त्याला १९ वर्षं झाली, त्यामुळे हे दोन पावसांचं वेळापत्रक मला तोंडपाठ आहे. ते माझ्याहून काटेकोर पाळणारा एक जण मात्र आमच्या इमारतीच्या मागच्या बाजूला येऊन राहतो. भाडं देत नाही, ऑक्टोबरात येतो, एप्रिलमध्ये जातो. आणि मे संपता संपता त्याचाच कोणी भाऊबंद आईच्या परसामागे शीळ घालायला लागतो.

त्याचं नाव नवरंग. साळुंकीपेक्षा थोडा लहान, आखूड शेपटीचा, जमिनीवर टुणटुण उड्या मारत फिरणारा पक्षी. पाठ हिरवी, पोट फिकट बदामी, शेपटीखाली लालभडक, पंखावर चमकता निळा डाग, डोळ्यावरून काळी पट्टी, तिच्यावर पांढुरकी भुवई आणि पांढरा गळा. नऊ रंग मोजायला बसलात तर भरतीलच असं नाही, पण ज्याने कोणी हे नाव ठेवलं त्याला एवढा हिशेब माफ करावा. इंग्रजीत त्याला ‘इंडियन पिट्टा’ म्हणतात. त्यातला ‘पिट्टा’ हा शब्द तेलुगूतून गेलेला आहे. तेलुगूत त्याचा अर्थ नुसता ‘पक्षी’, ‘चिमणं पाखरू’ असा आहे.

एवढा रंगीबेरंगी असून तो सहज दिसत नाही. कारण त्याचं सगळं आयुष्य झाडाखालच्या वाळक्या पानांत जातं. आमच्या कोकणात त्याला पातेरा म्हणतात. चोचीने एकेक पान उलटायचं, खालचे किडे-गांडुळं उचलायची, दोन उड्या मारायच्या, पुन्हा पान उलटायचं. सावलीत उभं राहून पाहिलं तर आधी पान हललेलं दिसतं आणि मग, डोळे सरावले की, पक्षी.

सहा वाजताचा पक्षी

नवरंग आलाय हे कळतं ते आवाजावरून. दोन सुरांची स्वच्छ, मोठी शीळ. पहिला सूर वर चढतो, दुसरा खाली येतो. पहाटे उजाडताना आणि संध्याकाळी अंधारताना तो हमखास बोलतो, एरवी ढगाळ दिवस असेल तर मधेच.

आमच्या तिसऱ्या मजल्यावर एक पाट्टी राहतात. पाट्टी म्हणजे आजी. त्यांचं वय ८०च्या पुढे. पहिल्या वर्षी मी त्यांना विचारलं, हा कोण ओरडतो? त्या लगेच म्हणाल्या, “आरुमणि कुरुवि.” तमिळमध्ये आरु म्हणजे सहा, मणि म्हणजे वाजले आणि कुरुवि म्हणजे पाखरू. सहा वाजताचा पक्षी. पाट्टींच्या लहानपणी घरात घड्याळ एकच होतं आणि ते थोरल्या काकांच्या खोलीत. ऑक्टोबर ते एप्रिल मुलांना उठवायला हा पक्षी पुरे व्हायचा.

हे नाव चेन्नईला बरोबर बसतं. हे शहर विषुववृत्ताच्या पुष्कळ जवळ आहे, त्यामुळे दिवसाची लांबी फारशी कमी-जास्त होत नाही. नवरंग इथे असतो त्या महिन्यांत उजाडणं आणि अंधारणं दोन्ही सहाच्याच आगेमागे घडतं. चिपळूणला जूनमध्ये सूर्य सव्वासातच्या सुमाराला मावळतो. तिथे त्याला संध्याकाळपुरतं तरी ‘सात वाजताचा पक्षी’ म्हणावं लागलं असतं.

आणखी खाली श्रीलंकेत गेलं तर त्याच शिळेचा तिसराच अर्थ निघतो. सिंहली लोक म्हणतात, मोराने याचा सुंदर पोशाख पळवला आणि तेव्हापासून हा त्याच्यामागे ओरडत फिरतोय. उरलेला पोशाख पाहता मोराने नेलेला कसा असेल, याचा विचार माझी मुलगी फार गांभीर्याने करते.

कालनिर्णय आणि दोनशे पानी वही

आईने नोंदी ठेवायला सुरुवात केली ती मुद्दाम नव्हे. ती कालनिर्णयच्या चौकटीत दुधाचा हिशेब लिहिते. त्याच चौकटीत गॅस कधी लावला, रातांबे कधी फोडले, पायरीचा पहिला आंबा कधी पडला हेही असतं. त्यात एक दिवस ‘नवरंग’ आला. गेली चार वर्षं त्याची पहिली शीळ २७ मे ते ६ जून या दिवसांत ऐकू आलेली आहे. पहिल्या मोठ्या पावसाच्या थोडी आधी किंवा लगेच नंतर.

तिच्या घरामागे जांभ्या दगडाचा गडगा आहे आणि त्याच्यापलीकडे डोंगरउतार. काजू, करवंदाच्या जाळ्या, दोन जुने फणस. २०२२च्या जूनमध्ये तिला तिथे घरटं दिसलं. काटक्या, मुळं आणि पानं यांचा चेंडूसारखा गोळा, करवंदीच्या जाळीत अगदी खाली, बाजूला दार. तिने महिनाभर त्या बाजूला कुणाला फिरकू दिलं नाही. सरपणाला येणाऱ्या बायकांना सांगितलं, तिकडे साप आहे. साप तिथे बाराही महिने असतो, त्यामुळे ती खोटं बोलली असं म्हणता येत नाही.

माझी नोंद दोनशे पानी वहीत. २०२१ मध्ये पहिली शीळ ९ ऑक्टोबरला, २०२२ मध्ये १ ऑक्टोबरला, २०२३ मध्ये १२ला, २०२४ मध्ये ४ला. शेवटची शीळ दर वर्षी एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात. दोन नोंदी शेजारी ठेवल्या की चित्र दिसतं. मे-जूनमध्ये कोकणात, ऑक्टोबरमध्ये इथे, आणि दोन्हीकडे पावसाबरोबर. जमीन ओली झाली की पातेऱ्याखाली किडे वाढतात आणि हा ओल्या जमिनीवर जगणारा पक्षी आहे. माझ्याकडे येणारा आईच्या परसातलाच असेल असं नाही. मध्य भारतातल्या जंगलांतून, हिमालयाच्या पायथ्याच्या सालवनांतूनही नवरंग दक्षिणेत उतरतात. आई मात्र ऑक्टोबरात फोनवर विचारते, “पोचला काय गो नीट?” मी सांगते, पोचला.

हा प्रवास रात्रीचा असतो. त्यामुळे दर वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात दक्षिणेतल्या शहरांमध्ये दमलेले नवरंग कुणाच्या गॅलरीत, कुणाच्या न्हाणीघरात सापडतात. दिव्यांनी बावचळून काचेवर आदळतात. तुमच्याकडे असा पाहुणा आला तर बुटांचा पुठ्ठ्याचा खोका घ्या, त्याला भोकं पाडा, तळाशी जुना कपडा घाला आणि पक्ष्याला आत ठेवून खोका शांत, अंधाऱ्या जागी ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं. फोटोसाठी हातात घेऊन बसू नका. बहुतेक वेळा काही तासांत तो सावरतो. मग झाडं-झुडपं असलेल्या जागी खोका उघडायचा. पंख लोंबत असेल तर वन विभागाला कळवायचं. पाळायचा विचारही नको, कायद्याने मनाई आहे.

दिसणं आणि असणं

बागेतल्या पक्ष्यांची वर्षभर नोंद ठेवली की काही दिवसांनी एक गंमत कळते. काही पक्षी खरोखर येतात-जातात आणि काही नुसते गप्प बसतात.

कोकिळेचंच घ्या. आपण म्हणतो, वसंत आला, कोकिळा आली. पण कोकीळ बारा महिने इथेच असतो. कावळ्यांची घरटी व्हायची वेळ आली की नर ओरडायला लागतो, कारण त्यांची अंडी कावळ्याच्याच घरट्यात जायची असतात. थंडीत तो पानाआड चूप असतो. माझ्या वहीत डिसेंबरात कोकीळ दोन-तीनदा आणि एप्रिलमध्ये रोज आहे. संख्या वाढलेली नाही, आवाज वाढलाय. आईकडचा पावशाही तसाच. ‘पेरते व्हा’ म्हणून शेतकऱ्याच्या मागे लागणारा तो पक्षी हिवाळ्यात कुठे गेला नसतो, पण त्याला ओळखणारे आपण कानानेच ओळखतो.

चातकाची गोष्ट आणखी निराळी. मराठी माणसाला चातक म्हणजे पाऊस. महाराष्ट्रात ते खरंही आहे. मध्य आणि उत्तर भारतात दिसणारे चातक मोसमी वाऱ्यांच्या सुमारास आफ्रिकेतून येतात. पण दक्षिण टोकाला आणि श्रीलंकेत चातकाची एक वेगळी उपजात बारमाही राहते. त्यामुळे भर जानेवारीत, स्वच्छ उन्हात मागच्या तारेवर चातक बसलेला असतो. एवढं वाट पाहणं आपण त्याच्या माथी मारलंय आणि हा इथे ऊन खातोय!

खरे पाहुणे ऑक्टोबरपासून मोजायचे. आधी भिंगऱ्या तारांवर रांगेने दिसतात. मग तपकिरी खाटीक, म्हाताऱ्या हवालदारासारखा एकाच फांदीवर रोज बसणारा. झुडपांत वटवट्या, दिसायला मातकट आणि वागायला चोर. दिवसभर नुसतं ‘टक्, टक्’ करतात, एका जागी दोन क्षण टिकत नाहीत, आणि त्यांच्या जाती ओळखायचा नाद मी सोडून दिलाय. वहीत सरळ ‘वटवट्या’ लिहिते. नोव्हेंबर-डिसेंबरात कधीतरी स्वर्गीय नर्तक येतो आणि त्या दिवशी इमारतीतली पोरं डबा न खाता खिडकीत उभी असतात. कडुलिंबावर हळद्या. फेब्रुवारी लागला की तांबटाची ठोकाठोकी, मार्गळीतल्या रांगोळ्या कधीच पुसून गेलेल्या असतात. एप्रिलमध्ये नवरंग जायच्या आधी जास्तच बोलतो. आणि मे महिन्यात बाग कावळे, बुलबुल, साळुंक्या आणि कोकीळ यांच्यावर सोपवून सगळे निघून गेलेले असतात.

एका कुरुविसाठी?

आमची इमारत तिरुवान्मियूरला, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. मागे एक अरुंद पट्टा आहे. त्यात एक करंज, एक आंबा आणि एक बदाम. बदाम जानेवारी-फेब्रुवारीत लाल पानांचा सडा घालतो आणि झाडलोट करणाऱ्या अक्कांचा जीव काढतो. तिथेच नवरंग राहतो.

२०२३च्या डिसेंबरात मिचाँग वादळ आलं. ३ आणि ४ तारखेच्या पावसाने अर्धी चेन्नई पाण्यात गेली. आमच्या पट्ट्यात गुडघाभर पाणी होतं आणि ते ओसरायला दिवस लागले. वहीत ४ डिसेंबरपासून नवरंगापुढे रोज शून्य आहे. १२ डिसेंबरला संध्याकाळी पावणेसहाला शीळ आली. वीज नुकतीच आली होती आणि मोटारीचा आवाज चालू होता, तरी ती ऐकू आली.

पण खरं संकट पुढच्या महिन्यात आलं. असोसिएशनच्या बैठकीत ठरायला लागलं की मागची सगळी पानं काढायची, माती बुजवायची आणि फरशा बसवायच्या. डेंग्यूची भीती होती आणि ती खोटी नव्हती, दोन घरांत रुग्ण होते. मी वही घेऊन गेले. सेक्रेटरींनी चष्मा वर करून विचारलं, “एका कुरुविसाठी?”

भाषण करण्यात अर्थ नव्हता. मी तारखा वाचल्या. तीन वर्षं, पहिली शीळ, शेवटची शीळ. मग डासांबद्दल बोलले, की डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. वाळक्या पानांत तो वाढत नाही, पानांत पडलेल्या प्लास्टिकच्या पेल्यांत आणि नारळाच्या करवंट्यांत वाढतो. ते सगळं दर शनिवारी उचलायची जबाबदारी मी घेते. तरी लोक गप्पच होते. तेवढ्यात पाट्टी उठल्या. म्हणाल्या, ही इमारत बांधली तेव्हा इथे घर होतं, त्या घरात मी नांदले. तेव्हापासून हा इथे ओरडतोय. तुम्ही सगळे नंतर आलात.

शेवटी निम्म्या पट्ट्यावर फरशा बसल्या, निम्मा करंजाखालचा राहिला. तिथे ऑक्टोबर ते एप्रिल पानं राहू द्यायची आणि मे महिन्यात साफ करायची. मी शनिवारी पेले उचलते. पेले कुठून येतात याची वेगळी वही ठेवता येईल. २०२४च्या ऑक्टोबरात पक्षी आला आणि त्या अर्ध्या पट्ट्यातच राहिला. त्याला ती जागा कमी पडते का हे त्याला विचारायची सोय नाही. फरशांवर मात्र तो आजवर एकदाही उतरलेला मी पाहिलेला नाही.

तुम्हाला अशी नोंद ठेवायची असेल तर फार काही लागत नाही. बाग नसली तरी खिडकी चालेल, खिडकीसमोर एक झाड असलं म्हणजे झालं. जागा एकच ठेवा, वेळ एकच ठेवा, आणि १५ मिनिटांत जे दिसेल-ऐकू येईल ते सगळं लिहा. फक्त आवडते पक्षी लिहिले तर ती यादी आवडीची होते, बागेची होत नाही. कावळे लिहा, पारवे लिहा. आणि आज अमुक पक्षी नव्हता हेही लिहा. नावं अडली तर मारुती चितमपल्लींचा ‘पक्षीकोश’ आहे. मोबाइलवर भरायचं असेल तर ‘ई-बर्ड’ फुकट आहे. त्यात तुमच्या जिल्ह्यातला एकेक पक्षी वर्षभरात कधी किती दिसतो, याचा महिन्याचे चार-चार भाग पाडलेला तक्ता पाहता येतो. फेब्रुवारीत चार दिवस जगभर बागेतल्या पक्ष्यांची गणना होते, भारत तिच्यात २०१३पासून आहे. तामिळनाडूत पोंगलच्या सुट्टीत वेगळी गणना असते. अशा साध्या माणसांच्या याद्या एकत्र करूनच २०२३ मध्ये देशातल्या ९४२ जातींच्या पक्ष्यांचा अहवाल निघाला. त्याला ३०,०००हून अधिक लोकांच्या नोंदींचा आधार होता. लांबचा प्रवास करणाऱ्या पक्ष्यांची स्थिती त्यात चांगली नाही. त्यांना वाटेतली आणि दोन्ही टोकांची, अशी सगळीच ठिकाणं शाबूत लागतात.

आमच्या दोन टोकांपैकी आता आईकडचं डळमळीत आहे. गडग्यापलीकडचा उतार आमचा नाही. तो मार्चमध्ये विकला गेला. एप्रिलमध्ये जेसीबी आला, करवंदीच्या जाळ्या गेल्या, काजू गेले. फणस दोन्ही उभे आहेत, कारण लाकडाचा सौदा अजून ठरलेला नाही. आई ७८ वर्षांची आहे. तिने फोनवर रडारड केली नाही, नुसतं सांगितलं की तांबडी माती उघडी पडलीय आणि वारा आला की ओटीवर धूळ येते. आमच्या हद्दीत, गडग्याच्या आतल्या बाजूला, तिने या वर्षी पातेरा झाडलेला नाही. दर वर्षी तो गोळा करून भाजावळीला देतात. शेजाऱ्यांनी विचारलं तर म्हणाली, कंबर धरलीय.

“नाही आला तर काय करशील?” मी विचारलं.

“लिहीन. नाही आला म्हणून लिहीन.”

इथली शेवटची शीळ २१ एप्रिलला सकाळी झाली. आज ३० मे. मघाशी फोन झाला. पावशा दोन दिवस ओरडतोय, पाऊस गोव्यापर्यंत आलाय म्हणतात, विहिरीत पाणी तळाला आहे, आणि कालनिर्णयच्या चौकटीत आज दूध एक लिटर, नवरंग नाही.